स्फूर्ती आटलीये की साठा संपलाय?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते, म्हणजे मधूनच कुणी वाचायला घेतलं तर त्यालाही लिंक लागेल. तुम्ही पुण्यात आयटीत नोकरी करता. लॉकडाऊनमधे तीन कथा लिहिल्यात, तिन्ही "आपोआप" आल्या, एकेका बैठकीत, छापूनही आल्या, लोकांचे फोन आले. त्यानंतर सगळं ठप्प. आता एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी स्वतःहून कथा मागितलीये, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि तुम्ही रोज रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून बसता आणि तासाभराने बंद करता. तुमचं म्हणणं, स्फूर्ती नसताना मारूनमुटकून लिहिलं तर ते खोटं उतरणार नाही का, त्यापेक्षा सरळ नाही कळवलेलं बरं का.

मी बँकेत नोकरी करता करता कथा लिहिल्या, मग व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन काही वर्षं डेली सोपचे संवाद लिहिले, आता परत कथेकडे आलेय. त्यामुळे माझं जे काही सांगणं आहे ते गद्याबद्दल आहे. कवितेचं वेगळं असतं असं कवी मंडळी शपथेवर सांगतात, त्या वादात मी पडत नाही.

आता, स्फूर्तीबिर्ती सब झूठ, बूड टेकवून बसलं की झालं, असं ठणकावून सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. लेखन कार्यशाळा घेणाऱ्यांचं तर हे आवडतं वाक्य आहे. मला ते पटत नाही. स्फूर्ती असते, मला आलेली आहे, तुम्हालाही तीनदा आली आणि ती खरीच होती. पण तुमच्या त्या तीन कथा कशावर होत्या ते तुम्हीच लिहिलंय बघा: आजोळच्या वाड्याची वाटणी, शाळेत असताना गेलेला मित्र, आणि वडिलांचं बंद पडलेलं दुकान. म्हणजे काय, तर वीस-पंचवीस वर्षं तुमच्या आत मुरत पडलेला ऐवज. त्यातले प्रसंग तुम्ही मनातल्या मनात शंभर वेळा घोळवले असणार, आईशी बोलला असाल, बायकोला सांगितले असतील, कुठे काय बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं हे सांगून सांगूनच ठरून गेलेलं असणार. लॉकडाऊनमधे घरात बसायला मिळालं आणि ते धो धो बाहेर पडलं. तेव्हा तुम्हाला वाटलं की कथा एका बैठकीत लिहिली. ती एका बैठकीत उतरवली, लिहिली जात होती केव्हापासून!

बहुतेकांच्या पहिल्या तीन-चार कथा अशाच येतात आणि मग चौथ्या-पाचव्याला गाडी अडते, कारण स्वतःच्या बालपणाचा, घराचा जो आयता माल होता तो वापरून झालेला असतो. तुम्ही याला स्फूर्ती आटली म्हणताय, मला वाटतं तुमचा साठा संपलाय. दुखणी दोन आहेत आणि औषधंही दोन. विरजण कितीही जातिवंत असलं तरी पातेल्यात दूधच नसेल तर दही लागणार कशाचं?

स्फूर्ती म्हटलं की आपल्याकडे पहिलं उदाहरण वाल्मीकींचं देतात. तमसेच्या काठी क्रौंचाच्या जोडीतला एक व्याधाने मारला आणि तोंडून "मा निषाद" हा श्लोक निघून गेला, शोकाचा श्लोक झाला, वगैरे. पण बालकांडात त्याच्या आधी काय घडतं ते फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या सर्गात नारद येतात आणि वाल्मीकींना रामाची अख्खी गोष्ट सांगतात, थोडक्यात पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नारद गेल्यावर थोड्याच वेळात वाल्मीकी स्नानाला तमसेवर जातात आणि मग तो क्रौंच. म्हणजे गोष्ट कानात ताजी होती, माणूस त्यात बुडालेला होता, आणि अशा वेळी समोर एक घटना घडली तिच्यातून त्याला छंद सापडला. लक्षात घ्या, त्या क्षणी मिळाला तो एक श्लोक. परंपरेने रामायणाचे श्लोक २४,००० मानतात. बाकीचे बसून रचावे लागले, त्या एका श्लोकाच्या चालीवर. मला तर वाटतं स्फूर्तीचं काम नेमकं एवढंच असतं, एक ओळ, एक सूर, कधी अडलेली एक गाठ सुटणं. आख्खी कथा तिने लिहून द्यावी ही अपेक्षाच जास्तीची आहे.

दुसरा माझा लाडका माणूस राजशेखर. दहाव्या शतकातला संस्कृत कवी, कनोजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी, पण पणजोबांना "महाराष्ट्रचूडामणी" म्हणत म्हणजे मुळचा आपल्याकडचाच म्हणायला हरकत नाही. (बायकोचं, अवंतिसुंदरीचं मत ग्रंथात नावानिशी देतो, त्यामुळे माझ्याकडून त्याला दोन मार्क जास्त.) त्याच्या काव्यमीमांसा या ग्रंथात कवीचं चक्क टाइमटेबल आहे. सकाळी संध्या, सरस्वतीस्तवन आणि अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, मग जेवण, जेवणानंतर काव्यगोष्टी म्हणजे चार जाणकारांबरोबर गप्पा, आणि चौथ्या प्रहरी सकाळी जे लिहिलं ते तपासायचं. तपासायचं का, तर भराच्या भरात रचणाऱ्याला पारखायची नजर नसते म्हणून. जास्तीचं काढा, कमी पडलं ते भरा, चुकीच्या जागी बसलंय ते हलवा, विसरलेलं आठवून घाला. हजार वर्षांपूर्वी!

त्याने कवींचे प्रकारही सांगितलेत, वेळेवरून. एक असूर्यंपश्य, जो गुहेत नाहीतर आतल्या खोलीत दार लावून लिहितो, सूर्यसुद्धा बघत नाही. एक निषण्ण, जो मनापासून लिहितो पण इतका कडक नाही. एक दत्तावसर, म्हणजे नोकरीचाकरी सांभाळून उरलेल्या वेळात लिहिणारा. आणि एक प्रायोजनिक, काही निमित्त निघालं की त्यासाठी लिहिणारा. तुम्ही दत्तावसर आहात आणि या वर्षी प्रायोजनिकही. राजशेखर दत्तावसराला हिणवत नाही, उलट त्याने कुठल्या वेळा साधाव्यात ते सांगतो: पहाटेची शेवटची घटका, जेवून तृप्त झाल्यानंतरचा वेळ, आणि पालखीतून प्रवास करताना, कारण तेव्हा दुसरं काही करता येत नाही आणि मन जिथे लावाल तिथे चिकटतं. पालखीच्या जागी तुमची कंपनीची बस घाला. मी डोंबिवली-सीएसटी घालायचे, बसायला मिळालं तर, नाहीतर दांड्याला लटकून मनातल्या मनात.

आणि गंमत म्हणजे हाच माणूस, खडू-फळा, ताडपत्रं, भूर्जपत्रं, शाईची दौत, आणि पटकन काही सुचलं तर खरडायला स्वच्छ सारवलेल्या भिंतीसुद्धा, अशी कवीच्या साहित्याची यादी देतो आणि वर म्हणतो, हे झालं आचार्यांचं मत, माझं विचाराल तर प्रतिभा हेच खरं साहित्य. म्हणजे त्याला प्रतिभा सगळ्यात मोठी वाटते आणि तरीही तो टाइमटेबल काढून देतो! या दोन गोष्टी त्याला एकमेकींच्या विरुद्ध वाटत नाहीत, तुम्हाला वाटतायत, आणि तुमची अडचण मला तिथेच दिसते. मम्मट या काव्यशास्त्रकाराने पुढे काव्यप्रकाश या ग्रंथात हेच नेमकं केलं: शक्ती (म्हणजे प्रतिभाच), निपुणता आणि अभ्यास ही तीन वेगवेगळी कारणं नाहीत, तिन्ही मिळून एकच कारण आहे. निपुणता म्हणजे जग, शास्त्रं, आधीचं वाङ्मय बघून आलेली जाण. मी त्यालाच साठा म्हणतेय.

हे झालं पुस्तकी. माझ्या टेबलावर काय होतं ते सांगते.

बँकेत माझ्याकडे काही काळ लॉकरचं काम होतं. एक काका यायचे, महिन्यातून एकदा, पिशवी रिकामी आणायचे आणि रिकामीच न्यायचे. आत दहाएक मिनिटं. मी वहीत एवढंच लिहून ठेवलं: "लॉकरवाले काका. रिकामी पिशवी येते, रिकामी जाते." यात कथा आहे हे तेव्हाच जाणवलं होतं, पण काय आहे ते कळत नव्हतं. बऱ्याच वर्षांनी एका अंकासाठी ती काढली आणि अडकले, कारण मी विचार करत होते की लॉकरमधे काय आहे. पत्रं? मोडलेलं मंगळसूत्र? मृत्युपत्र? जे सुचेल ते सिनेमातलं वाटायचं. शेवटी कंटाळून म्हटलं, निदान खोलीचं वर्णन तरी लिहून ठेवू, तेवढं तरी हातात राहील. आणि अगदी रटाळ परिच्छेद लिहायला घेतला: लॉकरला दोन किल्ल्या लागतात, आधी बँकेची लावायची मग ग्राहकाची, बँकेची लावली की ऑफिसरने बाहेर यायचं, बाहेर टेबलावर रजिस्टर, त्यात तारीख, लॉकर नंबर, सही, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ...

सहीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. लॉकर जोडनावावर होता, म्हणजे आधी काकांची बायको येत असणार. म्हणजे रजिस्टरमधे तिच्या सह्या असणार, वेळेसकट. म्हणजे काका लॉकरसाठी येतच नाहीयेत, ते रजिस्टर चाळायला येतायत, "मागच्या वेळी कधी आलो होतो बघतो जरा" असं म्हणून मागची पानं उलटतात, आत जाणं नुसतं निमित्त. कथा तिथे सुटली. लॉकर शेवटपर्यंत उघडून दाखवावाच लागला नाही. आणि ज्या परिच्छेदाने हे सुचवलं तो परिच्छेद फायनलमधे मी उडवला, वाचकाला दोन किल्ल्यांचं काय पडलंय.

याला स्फूर्ती म्हणायचं की नाही? मी म्हणते. अंगावर काटा आला होता, त्या रात्री झोप लागली नाही. पण ती आली कशावर, तर एका रजिस्टरच्या रकान्यांवर, जे मला रोजच्या कामामुळे पाठ होते, आणि आली केव्हा, तर काहीही सुचत नसताना मी नुसतं खर्डेघाशी करत होते तेव्हा. खऱ्या काकांचं काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही.

आता तुमचा खोटं उतरण्याचा मुद्दा. हा जास्त अवघड आहे आणि त्यात तुमचं थोडं बरोबरही आहे. मारूनमुटकून लिहिलेलं खोटं वाटू शकतं, दिवाळी अंकांत दरवर्षी अशा कथा असतातच, संपादकाला नाही म्हणवलं नाही म्हणून पाडलेल्या, वाचताना दुसऱ्या पानावर कळतं. पण त्या खोट्या का वाटतात हे बघितलं तर लेखकाचा मूड नव्हता हे कारण क्वचितच सापडेल. बहुतेकदा लेखकाला त्या माणसांबद्दल काही माहीतच नसतं, किंवा पहिलाच खर्डा छापायला गेलेला असतो. अंकासाठी, तारखेसाठी लिहिणं हे मुळात खोटं असतं असं म्हणायचं तर १९०९ साली का. र. मित्रांनी मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत मागणीवरून जे जे लिहिलं गेलं ते सगळं बाद करावं लागेल.

सीरियलने मला या बाबतीत बरंच शिकवलं. तिथे रोज सीन द्यावे लागतात, सेटवरून फोन येतो, "ताई, पुढचा सीन पाठवलात का, आर्टिस्ट मेकअप करून बसलेत", तिथे मूड कुणाला सांगणार. काही सीन मी भारावून लिहिले, काही डोकं दुखत असताना, काही अक्षरशः पाट्या टाकल्यासारखे. पुढे केव्हातरी जुन्या फायली वाचल्या तेव्हा कुठला कशात लिहिला ते मला ओळखता येईना. एक तेवढा ओळखला, लिहिताना मी स्वतः रडले होते म्हणून लक्षात राहिलेला, आणि तोच सीन दिग्दर्शकाने अर्ध्याहून जास्त कापला होता, लांबलाय म्हणून. कापलेला वाचला तर तोच बरा होता. लिहिताना आपल्याला काय वाटलं यावरून पान कसं झालंय ते ठरत नाही, हे तिथे पक्कं कळलं. राजशेखर काय वेगळं सांगतोय?

इंग्रजांत अँथनी ट्रोलॉप म्हणून होता, पोस्टात नोकरी, ४७ कादंबऱ्या. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, उठवणाऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा, आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मधे आलं, आणि लोकांचा त्याच्याबद्दलचा आदरच कमी झाला. कादंबऱ्या त्याच होत्या हो, नुसतं घड्याळ कळलं. तेव्हा तुम्ही कसं लिहिता ते कुणाला सांगू नका, एवढाच त्यातला धडा.

इथवरचं थोडक्यात: तुमची स्फूर्ती गेलेली नाही, तिला धरायला हाताशी काही नाहीये, आणि रात्री कोऱ्या फाइलसमोर बसून ते येणारही नाही.

मात्र काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. घरी लहान मूल असेल, ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजचे, धावपळीचे महिने असतील, तर यात स्फूर्तीचा संबंधच नाही, झोप कमी आहे एवढंच. आणि लिहिणंच नाही तर कशातच मन लागत नसेल, आवडायचं तेही आवडेनासं झालं असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर लेखकांना विचारत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसेल असं धरून पुढचं सांगते.

रात्रीचं बसणं आधी बंद करा, महिनाभर तरी. दिवसभर मीटिंगा करून थकलेल्या डोक्याने कोरं पान बघायचं आणि मग आपण आटलो असं ठरवायचं, हा स्वतःवर अन्याय आहे. त्याऐवजी जाता-येता बसमधे फोनवर नोंदी करा, पण नोंद म्हणजे दिसलेली, ऐकलेली गोष्ट. "आज खूप एकटं वाटलं, शहरात माणूस हरवतो" ही नोंद नव्हे, हे स्टेटस झालं. समजा तुमच्या शेजारी रोज एक गृहस्थ बसतात, ते घरी फोन करून "हां, आत्ता निघतोय ऑफिसातून" म्हणतात आणि तेव्हा बस ऑफिसपासून बरीच लांब, वाकडच्याही पुढे आलेली असते. ही नोंद. त्याला रोज अर्धा तास कशाला हवाय? कुठे जातो तो? का कुठेच जात नाही, सोसायटीच्या खाली नुसता बाकावर बसतो? त्याच्या बायकोला माहीत असेल का, आणि माहीत असून ती रोज "सावकाश या" म्हणत असेल का? बघा, मी इथे टाइप करता करता माझंच डोकं चालायला लागलं. (हा घेतलात तरी चालेल, मला दुसरा मिळेल.)

आणि तुमच्या कामातलं लिहा. तुम्ही तिन्हीच्या तिन्ही कथा गावाकडच्या, जुन्या काळातल्या लिहिल्यात, जसं काही हिंजवडीत, तुमच्या त्या आयटी कंपन्यांच्या भागात, माणसं राहतच नाहीत. ऑनसाइटसाठीची, म्हणजे परदेशी क्लायंटकडे जायची चढाओढ, राजीनामा देऊन नोटीस पिरियडमधे असलेल्या माणसाशी बाकीचे कसे बोलायला लागतात, प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसलेला माणूस घरी काय सांगतो, यातलं तुम्हाला जे बारकाव्यानिशी माहीत आहे ते मला जन्मात कळणार नाही. माझ्याकडे लॉकरचं रजिस्टर होतं, तुमच्याकडेही तसलं काहीतरी असणारच, फक्त ते रोजचं आहे म्हणून तुम्हाला कथेचं वाटत नाही.

आठ-दहा नोंदी जमल्या की त्यातली जी परत परत आठवत राहते ती घ्या आणि सकाळी, ऑफिसच्या मेल उघडायच्या आधी, अर्धा तास लिहा. सुरुवात सापडत नसेल तर शोधत बसू नका, जागेचं वर्णन लिहा, माणसाचा दिवस लिहा, तो डब्यात काय नेतो ते लिहा. रटाळ होऊ दे. वाईट लिहिलेलं दुरुस्त करता येतं. लिहिताना मधेच अंगात आलं तर उत्तम, तेव्हा घड्याळ बघू नका, ऑफिसला उशीर झाला तर झाला. नाही आलं तर अर्धा तास झाला की उठा. वाक्य अर्ध्यात सोडून उठलात तर दुसऱ्या दिवशी बसणं सोपं जातं. खर्डा झाला की आठवडाभर हात लावू नका आणि मग एका माणसाला वाचायला द्या, एकालाच, आणि शक्यतो बायकोला नको, ती एकतर फार चांगलं म्हणेल नाहीतर तुम्ही तिचं ऐकणार नाही.

आत्ता जून लागलाय, संपादकांना ऑगस्टमधे हवीये. नाही कळवू नका, हो कळवा, पण जुलैच्या मध्यापर्यंत हातात खर्डा नसेल तर त्याच दिवशी फोन करून स्पष्ट सांगा. पानं आधी मोकळी झाली तर ते दुसऱ्या कुणाला विचारू शकतात, ऑगस्टमधे फोन उचलायचा बंद केला तर मात्र पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही. आज फोन कराल तेव्हा शब्दमर्यादा विचारा, कथाच हवी की ललित चालेल तेही विचारा, आणि मानधन किती आणि कधी देणार ते विचारायला लाजू नका.